ठसक्याचा चहा

बुलढाण्याजवळच्या धाड गावात बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर संजीवनीबाईंचं मिरची कांडप आहे. ते शोधायला कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. होळीच्या आधीपासून ते पार अक्षय तृतीयेपर्यंत त्या वळणावर बाहेरगावचा माणूस मोटारसायकल बाजूला घेऊन डोळे पुसताना दिसतो. गावातला माणूस वळण यायच्या आधीच श्वास धरतो आणि पलीकडच्या चपलांच्या दुकानापाशी सोडतो. त्या दुकानदाराला वाटतं लोक आपल्या चपलांचे भाव बघून सुस्कारा टाकतात. त्याचा गैरसमज अजून कुणी दूर केलेला नाही.

आत पत्र्याची खोली, खोलीत मशीन. लोखंडी मुसळं खालवर होतात, उखळात मिरची कुटली जाते, मग ती चाळणीवर येते. आपल्या मिरचीत दुसरीची मिसळू नये म्हणून बाया शेवटची चिमूट डब्यात पडेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहतात. सासूनं पाठवलेली सून असेल तर अंमळ जास्तच डोळे ताणून बसते. नाकाला पदर, डोळ्यांत पाणी, आणि तोंड मात्र चालू. कुणाच्या घरी काय शिजतंय आणि कुणाचं काय करपलंय, ते सगळं त्या खोलीत कळतं.

या खोलीचा एक नियम आहे. मशीन सुरू झाल्यावर जिला पहिला ठसका लागेल, तिनं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिला ठसका झाला की मग बाकीच्यांनी पोटभर खोकावं, त्याला मोल नाही. नुसतं खाकरणं चालतं. शिंक माफ आहे, कारण शिंक माणसाच्या हातात नसते असं पूर्वी कधीतरी ठरलं. पण खाकरणं कुठं संपतं आणि ठसका कुठं सुरू होतो, यावरून त्या खोलीत जेवढा वाद झाला तेवढा धाडच्या ग्रामपंचायतीत होत नसेल. निकाल द्यायला समोर महादेवराव बसलेले असतातच.

महादेवरावांची चहाची टपरी रस्त्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या उलट्या अंगाला आहे. नुसतं महादेव म्हटलं तर ते ऐकू न आल्यासारखं करतात आणि राव लावल्याशिवाय कप पुढं सरकवत नाहीत. कांडपातून "खॉक" असा आवाज आला की त्यांचा हात आपोआप दुधाच्या पातेल्याकडे जातो. कुणाचा ठसका हे त्यांना आवाजावरून कळतं. इकडूनच ओरडतात, "मंगळवारपेठेतली सून व्हय ना? सांगा, आलं टाकू का?" ठसक्याचा चहा हाच ज्याचा धंदा, तो माणूस ठसका नाकारणार कशाला? आजवर त्यांनी एकही खाकरणं माफ केलेलं नाही.

आणि या सगळ्या काळात जिनं एकदाही चहा पाजला नाही ती एकच बाई, संजीवनीबाई. मशीन आणल्यापासून नाही. लोक खोकून लाल व्हायचे आणि ही बाई मधोमध उभी राहून हातानं चाळणी ठोकायची, कपाळावरचं कुंकूसुद्धा हलायचं नाही. वर म्हणायची, "माह्या मिरचीनं माह्याशीच काऊन भांडावं?"

खरं म्हणजे तिची एक युक्ती होती. गालात एक लवंग धरायची, जीभ टाळूला चिकटवायची, नाकानं अगदी थोडा थोडा श्वास घ्यायचा, आणि छातीतून काही वर आलंच तर आवंढा गिळून परत धाडायचं. लवंगेचा वास सगळ्या बायांना येत होता. पण लवंग खाणं काही नियमाविरुद्ध नव्हतं, त्यामुळे बोलणार कोण?

सगळ्यात जास्त चहा पाजलेली व्यक्तीही त्याच घरातली, म्हणजे सून डिंपल. ती खामगावची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी खोलीच्या उंबरठ्यावरच तिला ठसका लागला. मशीन सुरू व्हायचं होतं, तरी महादेवरावांनी चहा टाकला. तेव्हापासून सासू म्हणायची, "कापसाच्या गावची पोरगी हाये. मऊ हाये. हळूहळू तिखट होईन." डिंपल तिखट झाली, पण खोकला काही जाईना. तिनं तोंडाला ओली ओढणी बांधायला सुरुवात केली तेव्हा खोलीत बराच हशा झाला. सगळ्यात मोठ्यानं संजीवनीबाईच हसली.

महादेवराव मात्र टपून होते. "ज्या दिवशी वहिनीले ठसका लागन ना," ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "त्या दिवशी अख्ख्या बाजाराचा चहा तिच्या नावावर. मी तेवढ्यासाठीच जिता हाये."

"मंग लय वर्षं जगसान," संजीवनीबाई पलीकडून म्हणायची.

तर यंदाच्या हंगामाच्या तोंडावर चिखलीला एका भाच्याचा साखरपुडा झाला. मांडवात निम्मे पाहुणे नाक ओढत होते. हवाच तशी होती म्हणे, सकाळी गारठा आणि दुपारी ऊन. संजीवनीबाई तिथून जिलबी घेऊन आली आणि सर्दीही. सर्दी नाकात होती तोवर तिनं मनावर घेतलं नाही. दोनतीन दिवसांनी अंग तापलं, हाडं दुखली, आणि सर्दी घसा सोडून खाली उतरली. छातीतून खोकला वर यायला लागला. हा काही मिरचीचा ठसका नव्हता. मिरचीचा ठसका घशातून सुटतो आणि पाणी प्यायलं की विसरतो. हा खोलातून यायचा, भरलेल्या पोत्यासारखा जड.

आता प्रश्न असा की खोली भरलेली, हंगाम नुकताच सुरू, समोर महादेवराव कान लावून बसलेले. खोकायचं कसं?

तिनं खोकला गिळला. एका लवंगेच्या दोन झाल्या. अगदीच अनावर झालं की ती मागच्या अंगणात जाऊन घागर विसळायची आणि त्या आवाजात दोनदा खोकून यायची. गल्लीतल्या लोकांना वाटलं, बाईला अचानक स्वच्छतेचं वेड लागलं.

मग तिनं नवऱ्याला मेडिकलवर धाडलं. तुळशीराम हा वांगी, मिरची, कोथिंबीर पिकवणारा माणूस. बोलणंही तो पालेभाजीसारखं लहान लहान जुड्या बांधून देतो, एका वेळी एक. संजीवनीबाईनं त्याला बजावलं, "आयकलं का, माह्यं नाव सांगू नका. तुमालेच खोकला हाये म्हणा. तो दुकानवाला अन् महादेवराव एकाच बाकावर बसतात."

तुळशीराम गेला. म्हणाला, "खोकला हाये. बंद व्हावा."

दुकानवाल्यानं विचारलं, "कोरडा का ओला?"

हे काही घरून पढवून पाठवलेलं नव्हतं. तुळशीरामनं विचार केला आणि म्हणाला, "मंधातला."

दुकानवाल्यानं खोकला दाबायची बाटली दिली. ती बाटली खरंच गुणाची होती. संजीवनीबाईचा खोकला दोन दिवसांत बसला. झोपही यायला लागली, भर दुपारी चाळणी ठोकता ठोकता डुलकी लागायची. ती खूश झाली. ताप होता, पण ताप कुणाला ऐकू जात नाही.

खोकला बसला तो कुठं बसला, हे मात्र तिनं विचारलं नाही. तो आतच बसला होता, आपली गादी टाकून.

मग डाव्या बरगडीखाली कळ यायला लागली. खोल श्वास घेतला की सुई टोचल्यासारखं व्हायचं, म्हणून तिनं खोल श्वास घेणंच सोडलं. "पोतं उचललं, लचक भरली," ती म्हणाली. चार पावलं चाललं की दम लागायला लागला. बोलताना वाक्याच्या मधेच थांबून हवा घ्यावी लागायची. आणि इथं सगळ्या गावानं मिळून ती चूक केली जी दुसऱ्या कुठल्या गावानं केली नसती. सगळे म्हणाले, मिरची बाधली.

साहजिकच होतं. इतक्या वर्षांची मिरची आहे, कधीतरी बाधणारच. उलट जरा समाधानच वाटलं लोकांना. मग उपाय सुरू झाले, सगळे मिरचीवरचे. एकीनं ताक आणून दिलं. एकीनं जुना गूळ आणला. पंख्याची पाती धुतली. तुळशीराम तर काही न बोलता रोज सकाळी खोलीत पाणी शिंपडायला लागला, तिखट उडू नये म्हणून. मुलगा सागर, जो पिकअप चालवतो आणि बापाचा माल खामगावपर्यंत नेतो, त्यानं रंगकामवाले बांधतात तसा तोंडाचा मुखवटा आणला. संजीवनीबाईनं तो खुंटीला अडकवला. खोकला नाही ना, मग काय झालंय? असं तिचं म्हणणं. ज्या अर्थी ठसका नाही, त्या अर्थी सगळं ठीक.

महादेवरावसुद्धा एकदा रस्ता ओलांडून आले. "वहिनी, श्वास वर लागून राह्यला तुमचा."

"तुमच्या चहाचा वास... सहन होत नाई," ती म्हणाली. वाक्य दोन तुकड्यांत आलं. महादेवराव हसले, पण टपरीवर परत गेल्यावर त्यांनी ते वाक्य नेहमीसारखं कुणाला सांगितलं नाही.

मग एक दिवस लाईन गेली. कुठंतरी डीपी जळाली होती, सकाळपासून मशीन बंद. आदल्या दिवशी खोली धुतलेली. हवेत तिखटाचा कण नाही, महादेवरावांचा धंदा थंड. संजीवनीबाई अंगणात बाजेवर पाय लोंबकळत ठेवून बसली होती. पडलं की जीव घाबरायचा, म्हणून आताशा ती झोपतसुद्धा टेकूनच होती. डिंपल शेजारी बसून मिरचीचे देठ खुडत होती. खुडता खुडता तिचे हात थांबले.

सासू नुसती बसली होती आणि तिचे खांदे श्वासागणिक वर जात होते. नाकपुड्या फुलत होत्या. गळ्याच्या खळगीत प्रत्येक वेळी खड्डा पडत होता. ओठांचा रंग जांभळाच्या सालीकडे झुकलेला.

"आई," डिंपल म्हणाली, "आज मिरची नाई ना हवेत."

"मंग?"

"मंग तुमाले दम कशाचा लागून राह्यला?"

संजीवनीबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण उत्तराला हवा पुरली नाही.

डिंपल उठली. कोरोनाच्या वेळी आणलेला बोटाला लावायचा चिमटा तिनं कपाटातून काढला, सेल टाकले, आणि सासूच्या बोटाला लावला. आकडा ऐंशीच्या पुढं जाऊन अडखळत होता, नव्वदीला शिवेना. तिनं आपल्या बोटाला लावून पाहिला, तर अठ्ठ्याण्णव. म्हणजे चिमटा खोटा नव्हता. सागरनं पिकअपमधली वांग्यांची कॅरेट उतरवली. संजीवनीबाईला डिंपलसोबत पुढं बसवलं, तुळशीराम मागं उभा राहिला. जाताना ती एवढंच म्हणाली, "कोनाले सांगू नका, ठसका... नाई लागला मले."

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टर निवेदिता म्हणून बाई होत्या. त्यांनी पाठीला नळी लावली. "मोठा श्वास घ्या." मोठा श्वास आलाच नाही. डाव्या बाजूला खाली त्यांनी नळी बराच वेळ धरून ठेवली. मग छातीचा फोटो काढला. तो त्यांनी उजेडासमोर धरला आणि डिंपलला, सागरला, आणि दाराशी उभ्या तुळशीरामला जवळ बोलावलं.

"हे उजवं फुप्फुस. काळं दिसतंय ना? म्हणजे हवा आहे. आणि हे डावं. खालचा भाग पांढरा दिसतोय. तिथं हवा नाही. न्यूमोनिया झालाय."

"मिरचीनं?" तुळशीरामनं विचारलं.

"मिरचीनं नाही, जंतूंनी. आधी साधी सर्दीतापाची लागण झाली असेल, त्यातून खाली उतरलं. फुप्फुसात अगदी बारीक बारीक पिशव्या असतात. श्वास घेतला की हवा त्यांच्यात जाते आणि तिथून रक्तात मिसळते. लागण झाली की त्या पिशव्यांत पू नि पाणी भरतं. हवा येते, पण तिला आत जागा नसते. मग शरीर भराभर श्वास घ्यायला लागतं. घेतं पुष्कळ, पण पोचतं थोडं."

नाकाला प्राणवायूची नळी लावून पडलेली संजीवनीबाई हे ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "चाळणी बुजली म्हणा ना."

"काय?"

"ओली मिरची टाकली का... चाळणी बुजते. मशीन तर चालते. मोटार तापते. खाली... काईच पडत नाई."

"तसंच समजा," डॉक्टर म्हणाल्या. "खोकला किती दिवसांपासून आहे?"

संजीवनीबाईनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं नवऱ्याकडे, नवऱ्यानं बापाकडे. तुळशीरामनं खिशातून ती रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. एवढा वेळ ती त्याच्या खिशात होती, कुणाला पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं. "हे कुणी दिलं?"

"म्या आनलं. माह्या नावावर," तुळशीराम म्हणाला. ती त्या दिवसाची त्याची शेवटची जुडी.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं, न ओरडता, ही त्यांची मोठी गोष्ट. खोकला हा वैरी नाही. आत साचलेलं बाहेर फेकायचा शरीराचा तेवढा एकच झाडू आहे, आणि तो यांनी बांधून माळ्यावर ठेवला. सलाईनमधून औषध जाईल, ते जंतू मारेल. पण साचलेला कफ सुटायला हवा, आणि तो संजीवनीबाईंनाच काढावा लागेल. खोकून.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण आकडा म्हणावा तसा वर येईना. वाफ दिली, पाठ थापटली. डॉक्टरांनी उशी आणून छातीशी धरायला दिली. "बरगडी दुखेल म्हणून ही घट्ट आवळा आणि जोरात खोका."

संजीवनीबाईनं उशी आवळली आणि "हूं" केलं.

"हे खोकणं नाही, ही नवऱ्याला दिलेली हाक आहे. जोरात."

"हूं."

ती काही नाटक करत नव्हती. तिला येतच नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं छातीला जे वळण लावलं होतं, ते आता सुटेना. काही वर आलं की जीभ टाळूला चिकटायची, आवंढा गिळला जायचा, सगळं जिथल्या तिथं परत. लवंग नसली तरी गालाचा तो कोपरा आपोआप आवळला जायचा. शिवाय वॉर्डात आजूबाजूला माणसं. समोरच्या खाटेवरची म्हातारी खुशाल ढांस लागेपर्यंत खोकायची, तिच्याकडे संजीवनीबाई जरा कमीपणाच्या नजरेनं बघायची. एवढं होऊनसुद्धा.

संध्याकाळी डॉक्टरांनी डिंपलला बाहेर बोलावलं. "कफ तसाच राहिला आणि उद्या सकाळपर्यंत प्राणवायू असाच राहिला, तर मी इथं ठेवणार नाही. संभाजीनगरला पाठवीन. तिथं घशात नळी घालून ओढून काढतील, वेळ पडली तर श्वासाच्या मशीनवर ठेवतील. त्यांच्या वयाला ते सोपं नाही."

डिंपल आत आली आणि सासूला जसंच्या तसं सांगितलं. काही झाकलं नाही. "आई, खोका. मी हात जोडते."

"करून राह्यली ना मी," संजीवनीबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मिरची नसताना तिच्या डोळ्यांत पाणी डिंपलनं पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात भेटीची वेळ झाली आणि दारात महादेवराव उभे. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, हातात मोठा थर्मास. टपरी बंद करून आले होते. बाजाराच्या दिवशीही जी टपरी पाच मिनिटं बंद राहत नाही ती बंद करून. त्यांना पाहताच संजीवनीबाईनं पदर सारखा केला आणि ओठ घट्ट मिटले. होतं नव्हतं ते "हूं"सुद्धा गेलं.

"काय वहिनी," महादेवराव स्टुलावर बसत म्हणाले, "मी तं आयकलं तुमी इथं हवा खायाले आल्या. नळीनं."

तिनं मान हलवली.

"इथल्या कँटीनचा चहा पेलो होतो मांगं एकदा. पानी बरं त्यापेक्षा. म्हून घरून आनला." त्यांनी थर्मास खाली ठेवला. मग त्यांचं लक्ष छातीशी धरलेल्या उशीकडे गेलं, मग डिंपलच्या तोंडाकडे. "काय म्हनते डॉक्टरीन?"

डिंपलनं सांगितलं. कफ अडकलाय, खोकायला पाहिजे, खोकता येत नाही, सकाळी संभाजीनगर.

महादेवरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. माणूस तसा बोलघेवडा, पण हिशेब करताना गप्प होतो, आणि आता तो कसला तरी हिशेब करत होता. संजीवनीबाई त्यांच्याकडे बघत होती, ओठ मिटून, खांदे वर खाली करत. इतकी वर्षं ज्या एका आवाजाची या माणसानं वाट पाहिली, तो आवाज त्याच्यासमोर काढायचा? मेलं तरी चालेल, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच हेही आलं की खरंच मरायची वेळ आली आहे, नुसतं म्हणायला नाही.

महादेवरावांनी घसा साफ केला.

मग ते खोकले. खाकरले नाहीत, खोकले. "खॉक" करून असा खणखणीत ठसका दिला की समोरची म्हातारी दचकून उठून बसली आणि दाराशी सिस्टर वळून पाहायला लागली. लगेच दुसरा. खोटा होता हे तुळशीरामलासुद्धा कळलं. चहावाल्याला खोकता येत नाही, उगाच हातवारे जास्त करतो.

"लागला," महादेवराव डोळे पुसत म्हणाले. डोळे कोरडेच होते. "पयला माह्या. चहा माह्यावर. अख्ख्या वॉर्डाचा."

संजीवनीबाई बघतच राहिली.

"काऊन पाह्यता वहिनी? नियम हाये तुमचाच. पयला झाला. आता बाकीच्याईनं खोकावं, त्याले काय मोल हाये?"

तिला हसू आलं. हसायला गेली तर हवा कमी पडली, हवा ओढली तर बरगडीत कळ आली, आणि त्या गडबडीत जीभ टाळूला चिकटायची विसरली. जे वर आलं ते गिळलं गेलं नाही. डिंपलनं उशी दाबून धरली. संजीवनीबाई खोकली.

तो आवाज बाजारातल्या कुणी कधी ऐकला नव्हता. एकदा सुटल्यावर थांबेना. पाठोपाठ, वाकून, डोळे पांढरे करत. सिस्टरनं पळत येऊन भांडं पुढं धरलं. त्यात जे पडलं ते हिरवट, दाट, गंजक्या रंगाचे धागे असलेलं होतं. तुळशीरामनं ते पाहिलं आणि पुन्हा कधी पाणी शिंपडायला निघाला नाही. महादेवराव एव्हाना खिडकीकडे तोंड करून थर्मासच्या झाकणाशी झटापट करत होते, जे सहज उघडत होतं.

"आता कसं वाटते?" डिंपलनं विचारलं.

"मोकळं," ती म्हणाली. दम खाऊन पुढं म्हणाली, "अजून हाये."

रात्रीतून ती आणखी पुष्कळ खोकली. आता समोरची म्हातारी तिच्याकडे बघत होती, जरा आदरानं. सकाळी बोटाला चिमटा लावला तेव्हा आकडा नव्वदीच्या पुढं जाऊन स्थिर होता. डॉक्टरांनी संभाजीनगरची गोष्ट काढली नाही. त्यांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "हवा जायला लागली खाली. कुणी काय केलं?"

"चहा पाजला," डिंपल म्हणाली.

पूर्ण बरं व्हायला दिवस गेले. न्यूमोनिया जातो, पण घर रिकामं करून जायला वेळ लावतो. घरी आल्यावर संजीवनीबाईला न्हाणीघरापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे बाजार करून आल्यासारखं वाटायचं. दवाखान्यातून तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. नळीतून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. पहिल्या दिवशी एकच गोळी जेमतेम हलली. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या, आणि प्रत्येकीनं ते ओढून पाहायचा हट्ट धरला. डिंपलनं कुणाला हात लावू दिला नाही. फुप्फुस पूर्ण मोकळं झालं का ते पाहायला पुन्हा फोटो काढायचा होता, आणि तोवर मिरचीच्या धुरळ्यात जायचं नाही असं डॉक्टरांनी लिहून नव्हे, बोट उगारून सांगितलं होतं. फुप्फुसाची आतली कातडी अजून कच्ची आहे, म्हणाल्या. तिखट मिरचीनं न्यूमोनिया होत नाही, पण सोललेल्या जागी ती बरं करणार नाही.

तेव्हा उरलेला हंगाम मशीन डिंपलनं चालवलं. तोंडाला ओली ओढणी नाही, तर खुंटीवरचा तो मुखवटा बांधून. हसलं कुणी नाही. उलट दोघीतिघींनी असला कुठं मिळतो ते विचारलं.

आणि संजीवनीबाई रस्त्याच्या पलीकडे, महादेवरावांच्या बाकावर, वाऱ्याच्या उलट्या अंगाला बसायला लागली. मांडीवर सूप, सुपात मिरच्या, देठ खुडायचं काम. तिथून कांडपाचा आवाज ऐकू यायचा, ठसके ऐकू यायचे. महादेवरावांच्या डोक्यावर एक साहेब बसला. ते "ठसका" म्हणाले की ती म्हणायची, "खाकरली ती. पातेलं खाली ठेवा." धंद्यावर परिणाम झाला म्हणून ते सगळ्यांना सांगत फिरले.

हंगाम संपत आला होता. वैशाखाची दुपार. वारा एकदम फिरला, आणि पलीकडून लाल धुरळ्याचा एक लोट रस्ता ओलांडून सरळ बाकावर आला. चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा बाहेर पळालं. संजीवनीबाईनं पदर नाकाला लावला, पण उशीर झाला होता. खोलीत अजून कुणाला ठसका लागला नव्हता. तो तिला लागला. मोकळा, दणदणीत, गावानं ऐकावा असा.

कांडपाच्या दारात बाया गोळा झाल्या. डिंपल मुखवटा खाली ओढून धावत आली. "आई, बरं हाये ना?"

संजीवनीबाईनं हात वर केला. पूर्ण खोकून घेतलं, थुंकली, पाणी प्यायली, आणि मोठा श्वास घेतला. तो पार खालपर्यंत गेला. मग महादेवरावांकडे वळली.

"टाका चहा. माह्यावर."

महादेवराव बाकाकडे, मग रस्त्याकडे, मग कांडपाच्या उंबरठ्याकडे पाहत होते. "हा नाई धरत, वहिनी," ते म्हणाले. "नियम खोलीतल्या ठसक्याले हाये. रस्त्याच्या इकडचा मोजत नाई."

"काऊन नाई मोजत? कान नाईत का तुमाले?"

"हाये. पन हद्द हाये ना काही."

"हद्द कोनं ठरवली? मशीन माह्यं. मिरची माह्यी. ठसका माह्या." तिनं सूप बाजूला ठेवलं. "इतके वर्षं वाट पाह्यली, अन् आता मोजत नाई म्हनता. आलं टाकजा. अन् अख्ख्या बाजाराचा म्हणत होते ना तुमी, तो बी टाका."

महादेवरावांनी दुधाच्या पातेल्याकडे हात नेला आणि पलीकडे ओरडून विचारलं, "कोन कोन हाये बाजारात, साखर किती लागन?"